लघवीचा रिपोर्ट चांगला आला तरी बीपी विसरू नका: गरोदरपणातल्या या चुका टाळा

"लघवीत काही नाही निघालं, म्हणजे बीपीचं टेन्शन नाही." तपासणीहून परतल्यावर घरोघरी हे वाक्य ऐकू येतं, आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. विसाव्या आठवड्यानंतर, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजलेलं बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त भरलं, तर लघवीत प्रथिनं नसतानाही प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांना इजा करणारा गरोदरपणातला आजार, असू शकतो. तेव्हा प्लेटलेट आणि यकृताच्या रक्ततपासण्या 'उगाच खर्च' म्हणून टाळू नका.

उलटही होतं. अंगावर पांढरं जात असेल किंवा लघवीला जळजळ असेल, तर लघवी तपासायच्या पट्टीवर, खरी नसलेली प्रथिनंही दिसू शकतात. म्हणून जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्या. चोवीस तासांची लघवी साठवताना तर हमखास गोंधळ होतो. सकाळची पहिली लघवी टाकायची, तिथून वेळ धरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची लघवी डब्यात घ्यायची. मध्ये एखादी वेळ चुकली तर ती लॅबमध्ये सांगाच. चोवीस तासांत 300 मिलिग्रॅम प्रथिनं ही सीमा; आकडा तिच्या आसपास असेल तर एवढ्यानेही निकाल फिरतो.

हल्ली काही जणी मोबाइलवर वाचून 'एनएजी' या लघवीतल्या एन्झाइमची चाचणी मागतात. हे एन्झाइम आकाराने मोठं, रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळणीपलीकडे सहसा उतरत नाही. लघवीत ते वाढलं, तर बहुधा मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींमधून आलेलं असतं. प्रथिनं मुख्यतः गाळणीची गळती सांगतात, एनएजी नलिकांची इजा. अभ्यासाला हे मोलाचं आहे. पण निरोगी गरोदरपणातही ते वाढतं, शिवाय पाणी किती प्यायलात त्यावर आकडा बदलतो, म्हणून लघवीतल्याच क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी गुणोत्तर काढावं लागतं. त्या एका आकड्यावर धीरही धरू नका, घाबरूही नका.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो. डाव्या कुशीवर झोपून, वर राहिलेल्या उजव्या हाताला पट्टा लावला तर आकडा कमी दिसतो, आणि हा खोटा दिलासा जास्त वाईट.

सातव्या महिन्यात माहेरी जाताना फाइल सासरी राहते, हेही नेहमीचं. आधीचे आकडेच नसतील तर तिथल्या डॉक्टरांना वाढ कळणार कशी? आधी फाइल पिशवीत टाका, मग साड्या.

बाळ झालं म्हणून बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकतं, झटकेही येऊ शकतात. डोकं थांबत नाही इतकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, धाप किंवा 160/110 चा आकडा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. बाळंतिणीला एकटीला पाठवू नका.