संभाजीनगरला खायला येताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, "नान खलिया कुठे खायचा ते सांग." नान खलिया म्हणजे भट्टीतला नान आणि मांसाचा पातळ रस्सा. तो कधी खायचा, हे कुणीच विचारत नाही. आमच्याकडच्या खाण्यात जागेइतकीच वेळ महत्त्वाची असते, आणि पाहुण्यांचं जेवण बहुतेक वेळा तिथेच फसतं.

नान खलिया रात्रीसाठी राखून ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. खलिया ऑर्डरीनंतर कढईत परतून देण्याचा पदार्थ नाही. तो मोठ्या देगेत एकदाच शिजतो आणि संपला की त्या दिवसापुरता संपतो.

मागे पुण्याहून एका मित्राचं कुटुंब आलं होतं. "दुपारी दोनच्या आत शहरात या, जुन्या शहरातल्या बुढीलेनला जाऊ," असं मी निघण्यापूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी एका दिवसात वेरूळ, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा उरकायचं ठरवलं. दुपारी भूक लागली म्हणून हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात पनीर, दाल फ्राय, जीरा राईस असं भरपेट जेवले. रात्री साडेदहाला फोन आला, "आता कुठे मिळेल?" मी स्पष्ट सांगितलं की आज राहू द्या, उद्या दुपारी नेतो. पण सकाळी परत निघायचं होतं. मग एका एसी रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डावर ते नाव दिसलं आणि त्यांनी तिथेच मागवलं. ताटात बटर लावलेला तंदुरी नान आणि काजूची पेस्ट घातलेला घट्ट गोडसर रस्सा आला. पुण्याला जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की नान खलियात काही विशेष नाही. त्यांनी तो खाल्लाच नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरा नान भट्टीतला असतो, मोठा आणि लुसलुशीत. वरून हळद-गुळाचं पाणी लावलेलं असल्यामुळे त्याला पिवळसर तांबूस चकाकी येते. त्याला बटर लागत नाही. खलिया पातळ असतो, वर तर्री तरंगते. महंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेच्या जेवणातून हा पदार्थ इथे आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी पुष्कळ माणसांना एका वेळी गरम जेवू घालायचा हा पदार्थ आहे, हे पहिल्या घासाला कळतं.

माझी रीत अशी: त्या दिवशी सकाळी चहावर भागवायचं आणि दुपारी गर्दीच्या वेळीच जायचं. गर्दी असते म्हणजे देग ताजी असते. नान हातानं तोडून रश्श्यात चांगला बुडू द्यायचा, लिंबू पिळायचं, कांदा बाजूला. "तिखट कमी करून द्या" म्हणू नका, शिजलेल्या देगेतलं तिखट कुणी काढून देऊ शकत नाही. तिखट सोसत नसेल तर तर्री कमी घ्यायला सांगा, तेवढं करतात.

आणि बसण्याआधी विचारा, "छोटे का है या बडे का?" छोटं म्हणजे बोकडाचं, बडं म्हणजे म्हशीवर्गाचं. दोन्ही मिळतं, विचारल्यावर कुणाला राग येत नाही. अर्धं ताट संपल्यावर विचारून चेहरा पाडणारे लोक मी पाहिलेत. त्यात त्यांचंही जेवण जातं आणि वाढणाऱ्यालाही अपमान वाटतो.

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. यातला एक दिवस जुन्या शहराच्या नावे ठेवा, एवढं केलं तरी निम्म्या अडचणी सुटतात.

रमजानमध्ये इफ्तारच्या तोंडावर घुसणं

रमजानच्या संध्याकाळी जुन्या शहरात खायला जरूर या. पण मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या वेळी गाड्यासमोर मोबाइल धरून उभे राहू नका. दिवसभर पाणीही न प्यायलेल्या माणसांना आधी रोजा सोडू द्या. तासाभरानं गेलात तर जागाही मिळते आणि कुणी आग्रहानं चार गोष्टी चाखायलाही देतं.

भाकरीला घाई करणं

हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. जालना रोडवरच्या एका ढाब्यावर शेजारच्या टेबलानं सहा भाकरी सांगितल्या आणि पाचव्या मिनिटाला ओरडा सुरू केला. आत एक मावशी एकेक भाकरी थापत होत्या. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात एका भाकरीपुरतं पीठ मळायचं, लगेच थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग विस्तवावर फुगवायची. सहा भाकरी एकदम होतच नाहीत. शेवटी त्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "राहू द्या, रोट्या आणा." मावशींनी थापलेली भाकरी तशीच परातीत राहिली.

भाकरी एकेक करून मागवा आणि आली की गरम असतानाच खा. चौघांत वाटून घेतली तर कुणाचीच थंड होत नाही. सोबत पिठलं, ठेचा, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) आमटी, जे त्या दिवशी केलेलं कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचं कालवण असेल ते घ्या. पनीर नको. "मराठवाडा स्पेशल थाळी" असं लिहून पनीर वाढणाऱ्या ठिकाणी मी पाहुण्यांना नेत नाही. सकाळी कुठे धपाटे आणि घट्ट दही दिसलं तर पोहे-इडली सोडून तेच घ्या.

बिनमोसमाचा हट्ट

मे महिन्यात हुरडा मागतात. साधारण डिसेंबर अखेर ते जानेवारी-फेब्रुवारी, ज्वारीचा दाणा हिरवा आणि दुधाळ असतो तेवढेच हे दिवस. पुढे दाणा टणक होतो. शेतातल्या आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम असतानाच तोंडात टाकायची. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. आम्ही वर ताक पितो. फ्रीजमधला हुरडा गरम करून देणारे आता पुष्कळ झालेत. त्याला हुरड्याचा वास नसतो, त्यावर पैसे घालवू नका.

सीताफळाचंही तसंच. पावसाळा सरता सरता दौलताबादच्या रस्त्याला टोपल्या लागतात. गाडीतून उतरून प्रत्येक फळ दाबून बघू नका, दाबलेलं फळ तिथून काळं पडतं आणि नुकसान विकणाऱ्या बाईचं होतं. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पिवळट-पांढऱ्या झालेलं फळ घ्या. ते घरी दोन-तीन दिवसांत पिकतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर पिकत नाही, नुसतं काळं पडतं.

आणखी काही

गुलमंडीला इमरती गरम असेल तर तिथेच उभ्यानं खा. जिलेबीशी तुलना करू नका, ही उडदाच्या डाळीची असते.

सोबतच्या शाकाहारी माणसाला खलियाच्या टेबलावर नुसतं पाणी पीत बसवू नका. त्याला आधी गुलमंडीला जेवू घाला, मग स्वतःचं बघा.

पुढे नांदेडला गेलात तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये डोकं झाकून पंगतीत बसा आणि ताटात काही उरवू नका. ते फुकटचं हॉटेल नाही.

लातूरकडे जाताना निलंगा राईस गाड्यावरच खा. बांधून घेतला तर गिचका होतो.

कुंथलगिरीचा खव्याचा पेढा परतीच्या वाटेवर घ्या, जाताना नाही. उन्हात गाडीच्या डिकीत दोन दिवस ठेवलेला खवा आंबतो. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कागदी खोक्यात घ्या आणि घरी पोचल्याबरोबर वाटून टाका.