जीआर निघाला, पुढं काय?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझा लघुप्रबंध मधेच उघडला, तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पानभर 'अंमलबजावणी झाली' लिहिलंय. कुणी बघितली?"

"सर, जीआर आहे."

"जीआर मलाही दिसतोय. गस्तीची बोट आहे का? बोटीत डिझेल आहे का? डिझेल असलं तर ती चालवणारा भरती झालाय का?"

सोलापूरचा मे महिना. वर पंखा गरगरत होता तरी शर्ट पाठीला चिकटला. विषय होता २६/११ नंतरचं महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी नियोजन, एमए लोकप्रशासन. प्रबंध दुरुस्तीला परत आला, हातचं सत्र गेलं. वडिलांची हयात यंत्रमागावर गेलेली. दुरुस्ती म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं तुटलेला धोटा. "मग संध्याकाळपर्यंत करून दे की," म्हणाले. त्या दुरुस्तीला आठ महिने लागले. आता याच विषयात पीएचडी करतोय आणि दर सहामाहीला प्रगती अहवाल देताना पोटात तोच गोळा येतो. तुम्हीही असा प्रबंध लिहायला घेतला असेल, तर हे खड्ड्यात पडून आलेल्या माणसाचं लिहिणं समजा आणि त्या बेतानं वाचा.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत, एनआयए ही केंद्राची तपास यंत्रणा २००८ च्या कायद्यानं आली, संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का १९९९ चा, बेकायदा कारवायांविरोधी यूएपीए मूळ १९६७ चा, राज्याचं एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथक २००४ चं, एवढं तुम्हाला येत असणार. स्पर्धा परीक्षेच्या 'अंतर्गत सुरक्षा' नोट्समध्ये हे सगळं मिळतं, आणि तेवढंच मिळतं. त्या नोट्सवरून प्रबंध लिहायला जाऊ नका. राज्यानं काय करायला हवं याच्या याद्या त्यात असतात. मूल्यमापनाला राज्यानं काय केलं ते लागतं. शेवटच्या प्रकरणात पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे २००६ चे सात निर्देश चिकटवायची तर सगळ्यांनाच सवय. मीही चिकटवले होते.

आता माझा खड्डा. लांबड लागेल, पण वाचा.

हल्ल्यानंतर, २००८ च्या डिसेंबरअखेर, राज्य सरकारनं राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. पहिले माजी केंद्रीय गृहसचिव, दुसरे रॉ या देशाबाहेरची माहिती काढणाऱ्या गुप्तचर संस्थेत वरच्या पदावर राहिलेले. एप्रिल २००९ मध्ये अहवाल आला, डिसेंबरात विधिमंडळापुढं ठेवला गेला. मी डावीकडं शिफारशी लिहिल्या, उजवीकडं त्या त्या विषयावरचे शासन निर्णय शोधून तारखा टाकल्या. जीआर सापडला की 'अंमलबजावणी झाली'. तीन आठवड्यांत तक्ता तयार. इतका सोपा विषय लोक घेत का नाहीत, असंही मनात येऊन गेलं.

जीआर वाचायचा कसा हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. वर 'वाचा' म्हणून संदर्भ, मग प्रस्तावना, मग शासन निर्णय, शेवटी 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', सही आणि संगणक संकेतांक. आपण मधला भाग वाचून खूश होतो. बघायचे असतात ते शेवटचे दोन परिच्छेद. वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये सहमती मिळाल्याची ओळ आहे का? 'यासाठी होणारा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा' असं म्हटलंय का? ज्या कामाला पैसा लागणार त्याच्या जीआरमध्ये या दोन्ही ओळी नसतील, तर तुमच्या हातात बहुधा नुसता इरादा आहे. असतील, तर ते लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला त्या खर्चाचा क्रमांक, टिपून घ्या आणि अर्थसंकल्पात शिरा. पोलिसांचा महसुली खर्च २०५५ खाली, भांडवली ४०५५ खाली. तिथं एकाच कामाचे तीन आकडे दिसतील: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि नंतरच्या वर्षांच्या पुस्तकात उगवणारी प्रत्यक्ष रक्कम. बातमीत येतो तो पहिला. तुम्हाला हवा तिसरा, आणि त्यासाठी एका वर्षाचं पुस्तक पुरत नाही, पुढच्या दोन वर्षांची उघडावी लागतात.

पैसा खर्ची पडला तरी माणूस उरतोच. आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा आराखडा, मंजूर झाला म्हणजे खुर्ची आली. खुर्चीत बसणारा भरती, प्रशिक्षण आणि बदल्यांच्या चक्रातून यायचा. पोलीस संशोधन व विकास ब्युरो दरवर्षी राज्यवार मंजूर बळ आणि प्रत्यक्ष बळ शेजारी शेजारी छापतो, फुकट उतरवून घेता येतं. प्रबंधात 'मंजूर' आणि 'भरलेली' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत तर कुणीतरी पकडणारच. मला पकडलं.

माणूस आला तरी सराव उरतो. हे तर प्रधान समितीनंच दाखवलंय आणि अहवाल दोनदा वाचूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मुंबईचं शीघ्र कृती दल २००३ पासून अस्तित्वात होतं. माझ्या हिशेबानं 'झालं'. पण दारूगोळ्याच्या टंचाईमुळं त्या दलाचा गोळीबाराचा सराव २६/११ च्या आधी थांबलेला होता.

सीसीटीव्हीचंही तेच. हल्ल्यानंतर मुंबईभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं. निविदा निघाल्या, फिसकटल्या, पुन्हा निघाल्या. कंत्राटावर सह्या झाल्या २०१५ मध्ये आणि जाळं सुरू झालं २०१६ च्या ऑक्टोबरात. एवढी सगळी वर्षं माझ्या तक्त्यात एका शब्दात मावली होती: झाली.

म्हणून नव्या तक्त्याला पाच रकाने केले: शिफारस, जीआर, पैसा, माणूस, सराव. प्रत्येक रकान्यात तारीख आणि कागद. बहुतेक ओळींत शेवटचे दोन रकाने कोरे राहिले. पहिल्यांदा लाज वाटली, ते कसेतरी भरून टाकावेत असं वाटलं. भरू नका. कोरा रकाना हाही निष्कर्षच असतो. फक्त त्याखाली 'काम झाले नाही' असं ठोकून देऊ नका. 'उपलब्ध कागदांत आढळले नाही' एवढंच लिहा. मी दुसऱ्या खर्ड्यात उलट्या टोकाला गेलो होतो, सगळंच कागदी आहे असं लिहून मोकळा. तेही खोटंच. फोर्स वन हे राज्याचं कमांडो दल उभं राहिलं, २०१० च्या कायद्यानं राज्य सुरक्षा महामंडळ आलं आणि त्याचे जवान आज ठिकठिकाणी पहाऱ्यावर दिसतात. आणि 'नंतर तसा हल्ला झाला नाही, म्हणजे नियोजन यशस्वी' हे वाक्य कुठंही दिसलं तर खोडा. फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्यात जर्मन बेकरीत १७ जण गेले, १३ जुलै २०११ ला मुंबईत तीन ठिकाणी स्फोट झाले. हल्ला न होण्याची कारणं शंभर असतात.

आता सोलापूर. मार्गदर्शक म्हणाले होते, राज्याचा विषय आहे, जिल्हा कशाला आणतोस. मार्गदर्शकांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, ते इथंच सांगून टाकतो: बहुतेकांना तुमचा विषय सही करायच्या दिवशी आठवतो. मला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या निवृत्त फौजदारकाकांनी. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बंदोबस्ताला उभं राहिलं की पोलीस आधी काय विचारतो माहितीय? पाणी कुठं आणि रिलीफ, म्हणजे जागा घेणारा दुसरा गडी, कधी. तुझ्या तक्त्यात रिलीफ कुठाय?" मग मला घेऊन स्टेशनला गेले. प्लॅटफॉर्मवर उभं केलं. "इथं गुन्हा घडला तर कुणाचा?" लोहमार्ग पोलिसांचा, मी म्हटलं. "आणि तो रेल्वे सुरक्षा दलाचा माणूस?" तो केंद्राचा. बाहेर रिक्षा स्टँडवर आलो. "आता?" शहर पोलीस. तिकीट खिडकीपासून रिक्षापर्यंत चालत दोन मिनिटं, आणि तेवढ्यात तीन दलं. त्यांचे वायरलेस वेगळे, साहेब वेगळे. राज्याचं नियोजन चांगलं की वाईट हे मुंबईच्या अहवालात कळतं त्याहून जास्त त्या दोन मिनिटांत कळतं.

तिथून पुढं शहर आणि ग्रामीण. सोलापूर शहरात आयुक्तालय आहे, जमावबंदीचा आदेश पोलीस आयुक्त काढतात. पंढरपूर ग्रामीण अधीक्षकांकडं, तिथं हा आदेश दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे कलेक्टरांच्या किंवा प्रांतांच्या, सहीनं निघतो. (पूर्वी कलम १४४ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. जुनं कलम लिहाल तर तेवढ्यावरच दहा मिनिटं जातील.) आषाढीला पंढरपुरात लाखोंनी वारकरी आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले पोलीस, ज्यांना महाद्वार कुठं आणि चंद्रभागेचा घाट कुठं हे आदल्या दिवशी कळतं. वर मंदिर समिती, नगरपालिका, आरोग्य खातं. २००५ च्या कायद्याप्रमाणं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, म्हणजे चेंगराचेंगरीची योजना त्यांच्या टेबलावर. पण गर्दीत काही संशयास्पद सापडलं तर बॉम्बशोधक पथक पोलिसांचं. या दोन योजना एकमेकींना ओळखतात का, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. अजून उत्तर नाही, पण प्रश्न बरोबर आहे याची खात्री आहे, आणि एमएच्या वेळी तीही नव्हती.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगतो. कुठला दरवाजा मोकळा असतो, कुठं कॅमेरा पोचत नाही, गस्त कधी बदलते, हे दिसलं तरी वहीत लिहू नका, फोटो काढू नका, प्रबंधात तर अजिबात नको. तुम्हाला यंत्रणा तपासायची आहे, भगदाडांचा नकाशा काढायचा नाही. मी एका संध्याकाळी वही घेऊन उभा होतो, एक हवालदारमामा आले आणि शांतपणे म्हणाले, "काय लिहिताय, दाखवा." दाखवलं. वहीत फक्त कुठल्या दलाची हद्द कुठवर एवढंच होतं म्हणून चहा मिळाला. विद्यापीठाचं पत्र खिशात ठेवा. आधी पोलीस ठाण्यात सांगून मग जा. मागाहून खुलासे देत बसणं फार वाईट.

माहिती अधिकाराबद्दल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मी पहिला अर्ज केला, चौदा प्रश्नांचा. परत आला. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांचा हवा. शिवाय कलम २४(४) खाली राज्य सरकार आपल्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा संस्थांना कायद्यातून वगळू शकतं. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढी दारं उघडी राहतात. म्हणून गुप्त गोष्टींच्या मागं धावण्यात अर्थ नाही, आणि गरजही नाही. वर्षभरात रंगीत तालमी किती घेतल्या, त्यांचे अहवाल कुणाला पाठवले, जिल्हा आराखडा शेवटचा कधी सुधारला, एवढं कलेक्टर कचेरीला विचारा. अशा रुक्ष प्रश्नांना उत्तरं येतात. कॅगचे पोलीस आधुनिकीकरणावरचे अहवाल आणि विधिमंडळातली तारांकित प्रश्नोत्तरं मिळवा, ती तर कुणाच्या परवानगीविना वाचता येतात. कॅगचं वाचायला कंटाळा येतो म्हणून हल्ली मुलं यंत्राकडून सारांश काढून घेतात. काढा, पण त्यातला आकडा मूळ पानावर जाऊन बघितल्याशिवाय वापरू नका. माझ्या ओळखीच्या एकानं नाही बघितला.

वाचनालयात शेजारी बसणारा मित्र अजून चिडवतो, "काय बे, जीआरच वाचलालास का अजून?" हो, वाचतोय. फरक एवढाच की आता शेवटच्या पानापासून सुरू करतो. तुमचंही पहिलं वर्ष असंच जाणार, त्यात कमीपणा काही नाही. दुरुस्तीला परत आलेला प्रबंध तोंडी परीक्षेच्या दिवशी गळफास वाटतो. चार महिन्यांनी त्याच पानांवर पेन्सिलीनं खुणा करताना स्वतःचंच हसू येतं.

परवा एक उत्तर आलं. 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' पाकिटावरचा शिक्का बघितला. कलम ६(३) खाली माझा अर्ज ज्या कार्यालयाकडं वर्ग केल्याचं पत्र मला दुसऱ्या कार्यालयानं दिलं होतं, तेच हे. उत्तर हातात पडल्यापासून पहिल्या अपिलाला तीस दिवस आहेत. दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स काढून आणल्यात, जेवण झालं की लिहायला बसतो.