मोगरा उकळायचा नसतो : घरच्या संच्यातलं फुलांचं आइस्क्रीम

पहिल्यांदा मी मोगऱ्याचा अक्षरशः काढा केला होता. दूध गॅसवर ठेवलं, त्यात ओंजळभर फुलं टाकली आणि चहासारखी उकळी आणली. घरभर असा काही दरवळ सुटला की शेजारच्या बेन दार वाजवून विचारायला आल्या. मी खूश! आणि संच्यात, म्हणजे आमच्या हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये, आइस्क्रीम गोठल्यावर वाटीत जे आलं त्याला उकडलेल्या पालेभाजीचा वास आणि मागून कडवट चव. सुगंध सगळा शेजारी गेला होता, वाटीत फक्त फुलं शिजली होती.

घरभर वास सुटला, तर तो दुधातून निघून गेला. फुलांच्या आइस्क्रीममधली अर्धी कला एवढं ओळखण्यात आहे. मोगऱ्याचा सुवास हलका असतो, उष्णतेने उडून जातो. पण स्निग्ध पदार्थात तो छान मुरतो. जुन्या काळचे गंधी तिळावर फुलांचे थर देत, फुलं सुकली की बदलत आणि मग ते तीळ घाण्यात घालून फुलेल तेल काढत. आपल्याकडे तीळ नाहीत, साय आहे. काम तेच. आणि आपल्या आज्याही माठात मोगरा टाकायच्या, चुलीवरच्या पातेल्यात नव्हे.

फुलं आणताना

वडोदऱ्यात मोगऱ्याचा हंगाम म्हणजे साधारण मार्चपासून पाऊस पडेपर्यंत. मी संध्याकाळी खंडेराव मार्केटला जाते. १९०६ सालची ती सयाजीरावांच्या वेळची देखणी इमारत, आत महापालिकेची कचेरी आणि लगत फळं, भाजी, फुलं. माझ्या नेहमीच्या फुलवालीने मला एक गोष्ट फुकटात शिकवली : ‘बेन, कळी ज लेजो, राते खीलशे.’ मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच सगळ्यात जास्त सुगंध देतो. दुपारी उमललेलं दिसणारं फूल कालचं असतं, त्याचं देणं देऊन झालेलं असतं. तेव्हा टपोऱ्या, पांढऱ्या, बंद कळ्याच घ्यायच्या.

मात्र बाजारातली फुलं देवासाठी आणि गजऱ्यासाठी पिकवलेली असतात, खाण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते आणि ती धुऊन पूर्ण जातेच असं नाही. म्हणून मी आता फुलवालीकडून कळ्या घेते त्या गजऱ्याला, आणि आइस्क्रीमसाठी गच्चीतल्या दोन कुंड्या नाहीतर ओळखीच्यांच्या अंगणातला मोगरा. पुष्पगुच्छातले लांब दांड्याचे गुलाब तर खाण्यात अजिबात आणू नका. त्यांना वासही नसतो.

आणखी एक, आणि हे गंमत म्हणून सांगत नाही. सुवासिक म्हणजे खाण्याजोगं असं समीकरण नाही. रातराणी विषारी आहे. कण्हेर, मग ती गुलाबी असो की पिवळी, अत्यंत विषारी. धोत्रा तर बोलायलाच नको. देवचाफ्याच्या चिकाने कातडीची आग होते. मोगरा, देशी गुलाब आणि केवडा, एवढ्यांवर घरच्या माणसाचं भागायला हरकत नसावी. आणि केशर! तेही एका फुलाचा तंतूच की. केशराचं आइस्क्रीम करणारे सगळे न कळत फुलांचंच आइस्क्रीम करत असतात.

आधी दूध

आठ-दहा माणसांना पुरेल असा अंदाज देते. एक लिटर फुल क्रीम दूध (६ टक्के स्निग्धांशाचं), पाव लिटर फ्रेश क्रीम, १७० ग्रॅम साखर, चार मोठे चमचे दूध पावडर, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ. क्रीमऐवजी घरची साय चालते, पण ताजी हवी. विरजणासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीला आंबूस वास असतो आणि मोगऱ्यापुढे तो लगेच उघडा पडतो.

वाटीभर गार दुधात दूध पावडर आणि कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होऊ देता कालवून ठेवा. बाकीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा आणि कडेची साय खरवडत आटवा. एकूण दूध पाऊण लिटरपर्यंत उतरायला हवं. मग साखर, मीठ आणि कालवलेलं मिश्रण घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत ढवळत शिजवा, नाहीतर कॉर्नफ्लोअरचा कच्चा पिठूळपणा राहतो. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ टिकली पाहिजे. गॅस बंद करून क्रीम घाला, गाळून घ्या.

दूध आटवायचं, पावडर घालायची, हा सगळा खटाटोप पाण्याशी आहे. मोकळं पाणी जितकं जास्त तितके बर्फाचे खडे मोठे, आणि आइस्क्रीम दाताखाली करकरतं. साखरही नुसती गोडीसाठी नसते, तिच्यामुळे मिश्रण दगडासारखं घट्ट होत नाही. त्यामुळे ‘आम्ही गोड कमी खातो’ म्हणून साखर निम्मी केलीत तर गोडीबरोबर मऊपणाही जाईल. शिवाय गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. कोमट मिश्रण चाखून ‘जरा जास्तच गोड झालं’ असं वाटलं, तर ते बरोबर झालं आहे.

आता हे मिश्रण पातेल्यासकट थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, दूध ओट्यावर निवत ठेवणं म्हणजे नासण्याला आमंत्रण.

मोगरा मुरवणं

कळ्या दोन वाट्या भरून. पाण्यातून हलक्या हाताने काढा आणि पंचावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या. मग हिरवे देठ खुडायचे. हे किचकट काम आहे, गप्पा मारायला कुणीतरी हवं. पण टाळू नका, कडवटपणा तिथूनच येतो. देठ काढलेल्या कळ्या दोन-तीन तास बाहेरच ठेवा, म्हणजे उमलायला लागतील. फ्रीजच्या गारठ्यात बंद कळी बंदच राहते.

रात्री नऊ-साडेनऊला, वास भरात आला की, फुलं मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून गार मिश्रणात सोडा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. फ्रीजमध्ये चिरलेला कांदा किंवा लसणीची चटणी उघडी असेल तर आधी तिची सोय लावा, कारण साय मोगऱ्याचा वास जितक्या मनापासून घेते तितक्याच मनापासून लसणीचाही घेते.

सकाळी पुरचुंडी अलगद उचला आणि निथळू द्या. पिळायची नाही. शेवटचे दोन चमचे वाचवायच्या मोहात सगळ्या पातेल्यात कडवटपणा उतरतो. आता चाखून बघा, पण गारच. वास पुसट वाटला तर दुसऱ्या रात्री पुन्हा ताज्या कळ्या. तोपर्यंत मिश्रण फ्रीजबाहेर काढू नका.

वास किती असावा? गोठल्यावर तो उतरतो, म्हणून आत्ता तुम्हाला हवा त्याहून थोडा जास्त. थोडाच. गुलाबजल नाहीतर केवडाजल वापरणाऱ्यांचा घात इथेच होतो. व्हॅनिला चमचाभर जास्त पडला तर कुणाला कळत नाही. केवडा चार थेंब जास्त पडला तर वाटीत अगरबत्ती खोवल्यासारखं वाटतं. एवढ्या मिश्रणाला केवडाजल एक छोटा चमचा पुरे. ओडिशातल्या गंजमचा केवडा नावाजलेला, तिथलं मिळालं तर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.

गुलाबाचं थोडं वेगळं

देशी गुलाबाच्या पाकळ्या हाताने चोळलेल्या चालतात. सैल भरून तीन वाट्या पाकळ्या घ्या. प्रत्येकीच्या बुडाशी पांढरट टोक असतं ते कात्रीने काढा, तेही कडूच. वर सांगितलेल्या साखरेतली मूठभर बाजूला ठेवून तिच्याबरोबर या पाकळ्या खलात कुटा आणि पाच-सहा तास झाकून ठेवा. साखर पाकळीतला रस आणि वास दोन्ही ओढून घेते. हा लगदा गार मिश्रणात रात्रभर मुरवून सकाळी गाळायचा.

रंगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. पाकळीचा गुलाबी रंग आंबट पदार्थात खुलतो, दुधात तो मळकट जांभळा, कधी राखाडी होतो. हलवायाकडचा बार्बी गुलाबी रंग पाकळ्यांमधून येत नाही. मुलांसाठी हवाच असेल तर बीटचा रस अर्धा चमचा, त्याहून जास्त नको, नाहीतर मातकट चव येते.

आणि खरं सांगायचं तर पाहुणे यायला चार तास उरले असतील तर गुलकंद. तीन मोठे चमचे गुलकंद, साखर दोन चमचे कमी, आणि घालायचा तो अगदी शेवटी, आइस्क्रीम घट्ट होत आल्यावर. आधी घातला तर तळाशी जाऊन बसतो.

संचा

आमच्याकडे दांडिया बाजारातल्या जुन्या घरापासून चालत आलेला लाकडी संचा आहे. महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक त्याला पॉट म्हणतात, इथे राहून आम्ही संचाच म्हणतो. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, डब्यात लाकडी पात्यांचा फिरका आणि वर दांडा.

बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडा, सुपारीएवढे तुकडे हवेत. सहा-सात किलो बर्फ आणि दीड-दोन किलो जाडं मीठ. गार मिश्रण डब्यात ओता, दोन तृतीयांशाहून वर नको, कारण घोटताना हवा शिरून ते फुगतं. झाकण लावा, डब्याभोवती बर्फाचा थर, त्यावर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ.

मीठ बर्फाला ‘जास्त गार’ करतं म्हणतात, ते असं : मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधाकडून घेतो. नेमक्या प्रमाणात बर्फ-मीठ उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या बादलीत इतकं होत नाही, पण दुधाला पुरून उरतं.

मग दांडा फिरवायचा. पहिली दहा मिनिटं सावकाश, काही घडत नाही असंच वाटतं. त्यानंतर हात जड होत जातो. मुलांना सुरुवात द्या आणि शेवट मोठ्यांनी करावा. उलट केलंत तर मुलं पळून जातात. पंचवीस ते तीस मिनिटांत दांडा जवळजवळ अडतो, तेव्हा थांबा. बादलीच्या भोकातून खारं पाणी वाहत राहिलं पाहिजे. ते तुंबलं तर पातळी झाकणापर्यंत चढते. एका कोजागिरीला आमचं अख्खं केशर आइस्क्रीम असं खारट झालं, आणि झाकण नीट न पुसता उघडणाऱ्या माणसाला आमच्या घरात अजून त्यावरून ऐकवलं जातं. झाकण आणि त्याच्या कडा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

या वेळी ते मऊ, चमच्याने घेता येईल असं असतं. फिरका काढा (तो चाटण्याचा मान कुणाचा हे आधी ठरवून ठेवा), झाकण लावा, नवा बर्फ-मीठ भरून गोणपाटाने झाका आणि दोन तास विसरून जा.

संचा नसेल तर

पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण ओतून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-अडीच तासांत कडा गोठतात, मध्य पातळ राहतो. तेवढ्यात काढून मिक्सरमधून भराभर फिरवा, वितळेपर्यंत नको. परत ठेवा, दीड-दोन तासांनी पुन्हा एकदा. शेवटी पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावून झाकण लावा आणि रात्रभर राहू द्या. संच्याइतकं रेशमी होत नाही, पण सुगंधाच्या बाबतीत काही उणं नसतं. फ्रीजरचं दार मध्ये-मध्ये उघडून ‘झालं का’ बघणाऱ्यांना घराबाहेर पाठवता आलं तर उत्तम.

मोगऱ्याच्या आइस्क्रीमवर पिस्ता, बदाम, वेलची काही घालू नका. वेलची विशेषतः त्याला खाऊन टाकते. वाढण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा, थोडं सैल झालं की वास वर येतो. आठवड्यात संपवा, नंतर सुगंध विरत जातो आणि नुसतं दुधाचं आइस्क्रीम उरतं.

संचा मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मिठाने पत्र्याला गंज चढतो. आणि बादलीतलं खारं पाणी थेट मोरीत ओता. माझ्या गच्चीत आधी मोगऱ्याच्या तीन कुंड्या होत्या.