गवत कापण्याचे यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडत असल्यास

उन्हाळाभर पडून राहिलेले पेट्रोलवरचे गवत कापण्याचे यंत्र गोव्यात पहिल्या पावसानंतर बाहेर काढले की पुष्कळदा ते सुरू होते आणि काही क्षणांत बंद पडते. अशा वेळी प्रथम टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. यंत्र चालू राहिल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे, आणि ते साफ केले की काम झाले.

तसे न झाल्यास दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात, असतो. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल दमट हवेतील ओलावा शोषून घेते आणि वेगळे झालेले पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी साचते.

१. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लगची वायर काढावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा.
२. खाली भांडे धरून वाटीचा बोल्ट सोडवावा व वाटी पुसून घ्यावी.
३. जेटचे (कार्बोरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या तोटीचे) बारीक छिद्र कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने मोकळे करावे. त्यात जाड तार मुळीच घालू नये, कारण छिद्र मोठे झाल्यास जेट बदलावाच लागतो.
४. टाकीतील जुने पेट्रोल काढून ताजे भरावे.

हे काम उघड्यावर, देवघरातील समई किंवा चुलीपासून दूर करावे.