आर्मर्ड कोअर ६ मध्ये चार हत्यारं जुळवायची कशी

हत्याराच्या माहितीत सगळ्यात वर अटॅक पॉवरचा आकडा असतो आणि नवा खेळाडू नेमका तिथेच गळाला लागतो. माझा भाचा बारावीची परीक्षा संपल्या संपल्या 'आर्मर्ड कोअर ६' घेऊन बसला. सुटे भाग जोडून आपलं लढाऊ यंत्र उभं करायचं आणि लढायचं, असा हा व्हिडिओ गेम; हत्यारांच्या जागा चार, दोन हात आणि दोन खांदे. रणगाड्याचे पाय, दोन्ही हातांत बझुका, दोन्ही खांद्यांवर साँगबर्ड्स तोफा, अशी जय्यत तयारी. चारही बटणं एकदम दाबायची, मोठा धडाका उडवायचा आणि मग रीलोड होईपर्यंत मैदानभर पळत सुटायचं. "मावशी, डॅमेज तर केवढं आहे, तरी बॉस मरत का नाही?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या या गेममध्ये खरी लढाई शत्रूच्या एपीशी, म्हणजे त्याच्या जिवाशी, नसतेच. ती असते स्टॅगरच्या पट्टीशी. प्रत्येक मार्‍याबरोबर इम्पॅक्ट, म्हणजे धक्क्याचा जोर, जातो आणि शत्रूची ही पट्टी भरत जाते. पूर्ण भरली की त्याचा तोल जातो, काही क्षण तो जागच्या जागी लटपटतो आणि त्या क्षणांत बसलेला घाव एरवीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. मारा थांबवला तर पट्टी पुन्हा उतरायला लागते. भाच्याचं नेमकं हेच होत होतं. चार तोफा एकदम सुटायच्या, पट्टी भरायची, शत्रू लटपटायचा, आणि तेव्हा याच्याकडे मारायला काहीच नसायचं. तोफा परत तयार होईस्तोवर पट्टी रिकामी.

म्हणून हत्यार घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: हे पट्टी भरणारं आहे की भरलेल्या पट्टीवर वसुली करणारं? चार जागांमध्ये दोन्ही कामांना माणूस नेमलेला हवा. भरणार्‍याचा इम्पॅक्ट आणि त्याचा मारा किती सलग चालतो ते बघा. वसुलीवाल्याची अटॅक पॉवर आणि डायरेक्ट हिट अॅडजस्टमेंट बघा. हा शेवटचा आकडा लोक वाचतही नाहीत, पण स्टॅगर झालेल्या शत्रूवर किती पट लागणार हे त्यावरच ठरतं.

गेम हे पहिल्याच मिशनमध्ये शिकवतो, फक्त तोंडाने सांगत नाही. सुरुवातीला मिळणारं यंत्र आठवा. उजव्या हातात टर्नर रायफल, उजव्या खांद्यावर चार क्षेपणास्त्रांचा लाँचर, डाव्या हातात पल्स ब्लेड. रायफल आणि क्षेपणास्त्रं पट्टी भरतात, ब्लेड वसूल करतं. त्या पहिल्या हेलिकॉप्टरला नुसत्या रायफलने पाडायला गेलात तर घाम फुटतो. तेच पट्टी भरल्यावर वर उडून दोन वेळा ब्लेड घातलं की काम तमाम.

आता माझं रोजचं यंत्र सांगते. उजव्या हातात हू-बेन गॅटलिंग, डाव्या हातात झिमरमन शॉटगन, उजव्या खांद्यावर एकच साँगबर्ड्स, डाव्या खांद्यावर अॅशमीड, म्हणजे पाइल बंकर, अगदी जवळून ठोकायचा खिळा. (हातातलं हत्यार खांद्यावर ठेवायला ओएस ट्यूनिंगमधलं, म्हणजे यंत्राच्या सुधारणांच्या यादीतलं, वेपन बे घ्यावं लागतं. त्याच्या चिप्स अरीनात, म्हणजे एकास एक लढतींत, जिंकून मिळतात. इतर काही घेण्याआधी हे घ्या, असं माझं ठाम मत.) गॅटलिंग सतत चालू, पट्टी उतरू देत नाही. पट्टी भरत आली की मी जवळ सरकते आणि झिमरमनचा एक बार काढते. शत्रू लटपटला की लगेच डावीकडे बंकर हातात घ्यायचा, बटण दाबून धरायचं आणि पूर्ण चार्ज करून ठोकायचा. अंतर जास्त राहिलं असेल तर बंकरचा मोह सोडायचा आणि साँगबर्ड्स सोडायच्या. ही तोफ भरण्यात मी कधी खर्ची घालत नाही, ती माझी राखीव.

इथे एक बारीक गोष्ट आहे. गॅटलिंगला मॅगझिन नाही, ती तापते. ट्रिगर धरून ठेवलात तर ओव्हरहीट होऊन बराच वेळ बंद पडते, मधेमधे सोडलात तर चालत राहते. झिमरमन एक गोळी आणि लांब रीलोड. म्हणजे एकीचा श्वास घेण्याचा वेळ दुसरीने भरून काढायचा. दोन्ही हातांत एकाच जातीचं हत्यार घ्यायचं असेल तर घ्या, दोन मशिनगन घेणारे खूप आहेत. पण मग दोन्ही एकदम रिकाम्या होतील तेव्हा खांद्यावरून काय सुटणार, ते आधी ठरवा.

यानंतर अंतर. गोळीबार करणार्‍या हत्याराला एक आयडियल रेंज असते, त्यापलीकडे मार कमी होत जातो, आणि इफेक्टिव्ह रेंजच्या बाहेर तर गोळी चिलखतावरून टणकन उडून जाते. शॉटगनवाल्याने शंभर मीटरवरून गोळ्या फुकट घालवायच्या आणि "ही बंदूक बेकार" म्हणायचं, हा प्रकार मी घरात पाहिलेला आहे. चारही हत्यारं साधारण एकाच अंतरावर कामाची हवीत. त्याच अंतराला एफसीएस, म्हणजे नेम धरायला मदत करणारा भाग, जुळवा: १३० मीटरच्या आत लढणार असाल तर क्लोज असिस्ट चांगला हवा, २६० च्या पुढून क्षेपणास्त्रं सोडणार असाल तर लाँग. इतकं चांगलं हत्यार आणि नेम मात्र चुकतोय अशी तक्रार असेल तर आधी एफसीएस बघा, नंतर हातांचं रिकॉइल कंट्रोल.

पायांचं एक लक्षात ठेवा. दोन पायांचं यंत्र साँगबर्ड्ससारखी जड तोफ सोडताना थांबून पाय रोवतं, आणि थांबलेल्याला सगळेच मारतात. रणगाड्याच्या पायांना हे लागू नाही. भाच्याने पाय बरोबर घेतले होते, डोकं वरच्या भागात चुकलं होतं.

वजन आणि वीज यांवर फार लिहीत नाही, असेंब्लीच्या पडद्यावर ते लाल होऊन दिसतंच. फक्त लेझर-प्लाझ्मावाल्यांनी जनरेटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहील असं पाहावं. काठोकाठ भरलंत तर बूस्टनंतर ऊर्जा परत भरायला उशीर लागतो आणि तुम्ही आकाशातून धोंड्यासारखे खाली.

बॉसप्रमाणे हत्यार बदलायला लाजू नका. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी बाल्टियस येतो तेव्हा त्याच्याभोवती पल्सचं कवच असतं. ते फुटेपर्यंत तुमचा स्टॅगरचा हिशोब सुरूच होत नाही. तिथे एका हातात पल्स गन घ्या, कवच झरझर उतरतं. कवच फुटलं की पल्स गन थांबवून गोळ्या आणि स्फोटकं. भिंतीवरच्या मिशनमधला जगरनॉट याच्या उलट: समोरून काहीही मारा, पुढचं जाड चिलखत दाद देत नाही. मागे जायचं. तिथे जड तोफेपेक्षा चपळ पाय आणि मागून पटकन सुटणारी शॉटगन बरी.

आणि प्रयोगाला पैसे लागत नाहीत. दुकानात भाग ज्या किमतीला घेता त्याच किमतीला परत विकता येतो, एक पैशाचा तोटा नाही. मेल्यावर चेकपॉइंटपासून सुरू करताना असेंब्लीही बदलता येते, मात्र तिथे नवीन खरेदी करता येत नाही. म्हणून बॉसच्या मिशनला निघण्यापूर्वी एक पल्स गन, एक जड तोफ आणि एक लांबून मारणारं हत्यार गॅरेजमध्ये घेऊन ठेवा. गोळ्यांचा खर्च मोबदल्यातून कापला जातो, पण पहिल्यांदा खेळताना त्याकडे बघू नका. जुनी मिशनं पुन्हा खेळून ती भर सहज निघते.