जुन्या सागवानातला खिळा काढायचा कसा

वाडा उतरवणारे गडी कायम घाईत. ट्रॅक्टर दारात उभा, मालकाला जागा मोकळी हवी, मग पहार घालून चौकटी उचकटायच्या. वाई-मेणवलीकडचं जुनं सागवान आमच्या साताऱ्यातल्या शेडवर येतं तेव्हा निम्म्या फळ्यांच्या कडा खिळ्यांपायी ढलपलेल्या असतात. उरलेलं आपल्या हातून तरी बिघडू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पावसाळ्यात आलेला माल मी लगेच हातात घेत नाही. मध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावते आणि दिवाळीपर्यंत विसरते. ओलं लाकूड मऊ पडतं, नुसतं हत्यार टेकलं तरी वळ उठतो.

आधी खिळे शोधा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवायचं. रंगाखाली, लांबीखाली (म्हणजे पुट्टीखाली) बुजवलेले खिळे तिथेच सापडतात. एक जरी आत राहिला तरी रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा, आणि मशीनवर असाल तर तुकडा उडून डोळ्यावर बेततं. चष्मा लावूनच बसा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

आता मुद्द्याचं. जुना खिळा गंजाने धरलेला असतो. लोखंड गंजताना फुगतं आणि लाकडाच्या तंतूंत रुतून बसतं. सरळ ओढलात तर तो तंतू घेऊनच वर येतो. म्हणून ओढण्याआधी डोक्यावर हातोडीचा एक बेताचा टोला द्या, आत. खिळा आत घालायचा नाहीये, नुसता जागचा हलवायचा आहे. गंज सुटला की बारीकसा 'टक्' आवाज येतो, तो कानाला एकदा कळला की काम सोपं. टोल्याने नाही सुटला तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर थोडा वेळ टेकवा. लोखंड तापून फुगतं, निवताना आवळतं आणि पकड ढिली होते. गंज सोडवायचं तेल मात्र मारू नका. ते लाकडात शिरतं, मग त्या जागी ना पॉलिश धरत ना फेव्हिकॉल.

खिळा कुठला तेही बघा. बाजारातला तारेचा गोल असेल तर व्हाइस ग्रिपने (आवळून अडकून राहणाऱ्या पक्कडीने) धरून डावी-उजवीकडे हलकासा फिरवता येतो. लोहाराने घडवलेला चौकोनी असेल तर फिरवायचा नाही, भोकाची वाट लागते. पण हा टोकाकडे निमुळता असतो, दोन सूत (पाव इंच) वर आला की पुढचा बिनतक्रार निघतो.

ओढायला जंबूर, म्हणजे खिळे उपटायची गोल तोंडाची पक्कड, चांगला. त्याच्याखाली पत्र्याची पट्टी नाहीतर प्लायचा तुकडा हवाच. जंबूर कलवताना लाकडाच्या रेषेच्या दिशेने कलवा. आडवा कलवलात तर फळी तडकते. खिळा अर्धा इंच वर आला की खालचा तुकडा बदलून जाड घ्या, नाहीतर खिळा वाकतो आणि भोक लांबट होतं. एका दमात उपसणारे बरेच बघितलेत. त्यांच्या फळ्या नंतर आमच्याकडेच येतात.

वाड्याच्या दारांना आरपार मारून मागून वळवलेले खिळे असतात. इथे पुढून काही करायचंच नाही. दार पालथं घाला. वळवलेल्या टोकाखाली बारीक स्क्रू ड्रायव्हर सरकवून ते उचला आणि पक्कडीने अगदी सरळ करा. थोडा जरी बाक राहिला तरी जाताना तो आतून लाकूड फाडतो. मग खिळ्याच्या डोक्याखाली येईल अशी भोक पाडलेली फळी ठेवा, म्हणजे डोक्याला बाहेर यायला जागा मिळते आणि आजूबाजूचं लाकूड टेकलेलं राहतं. टोकावर सुंबा (ठोकायची पोलादी कांडी) धरून हळू ठोका. डोकं दोन सूत वर आलं की दार उलटून जंबुराने काढा.

नक्षीच्या पट्ट्यांना मारलेल्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मागून ओढून घ्याव्यात. बारीक डोकं लाकडातून निघून येतं आणि दर्शनी बाजूला हात लागत नाही.

डोकंच तुटलं असेल तर खणत बसू नका. खिळ्यापेक्षा किंचित मोठी पोलादी नळी घ्या, तिच्या तोंडाला कानशीने दात पाडा आणि ड्रिलला लावा. नळी घसरू नये म्हणून आधी प्लायमध्ये त्याच मापाचं भोक पाडून तो तुकडा वर शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळा. खिळ्याभोवती कापत गेलात की खिळा लाकडाच्या गुल्लीसकट बाहेर येतो. त्या भोकात त्याच लाकडाची गुल्ली, रेषा जुळवून, फेव्हिकॉल लावून बसवा. भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा चुकांच्या भोकांपुरता ठीक. मोठ्या भोकात भरला तर पॉलिशनंतर डाग पडल्यासारखा दिसतो.

एमआयडीसीतले पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आणणाऱ्यांना एकच सांगते: त्यांत बहुतेकदा वळ्यांचे, म्हणजे अंगावर गोल कंगोरे असलेले, खिळे असतात. ते ओढू नका, दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून कापा.

हत्याराचा खड्डा पडलाच, आणि तंतू तुटलेले नसले, तर ओलं फडकं ठेवून वरून कपड्यांची गरम इस्त्री टेकवा, लाकूड फुगून वर येतं. खिळ्याभोवतीचा निळा-काळा डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनमुळे पडतो. ऐन आणि बाभळीला तो जास्त. रंध्याने तो घालवायला गेलात तर फळी पातळ होईल. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, डाग फिका पडला की स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवा. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि घरातला पेला-वाटी त्यासाठी वापरू नका. आणि लोखंड सगळं निघाल्यावरच लावा, नाहीतर डाग पुन्हा येतो.