ब्रसेल्स स्प्राउट घरी लावताय? या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "ब्रसेल्स स्प्राउटचं बी आणलंय, लावू ना आता?" नका लावू. बी कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, पुढच्या पोळ्यापर्यंत त्याला काही होत नाही. दिवाळीनंतर टाकलेल्या बियांची रोपं डिसेंबरात जमिनीत जातात, आणि पानांच्या बगलेत गड्ड्या, म्हणजे पत्ताकोबीच्या छोट्या गड्ड्यांसारखी फळं, धरायची वेळ येते तेव्हा मार्चचं ऊन तापलेलं असतं. मग पानंच पानं मिळतात.

पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल आणि हे झाड एकाच जातकुळीतलं, पण सगळ्यांत संथ हेच. जमिनीत लावल्यापासून पहिली तोडणी यायला तीन महिने सहज लागतात. गड्डी घट्ट भरायला १५ ते १८ अंशांचा गारवा लागतो. आमच्या अंबाजोगाईला, बालाघाटाच्या डोंगरावर, थंडीत दिवसासुद्धा तेवढं गार नसतं. जे काही भरतं ते रात्रीच्या थंडीवर, आणि तशा रात्री मिळतात फार तर दोन-अडीच महिने.  तेव्हा घाई करायचीच असेल तर ती पावसाळ्यात करा.

माझा हिशोब सणांवर चालतो. पोळ्याला बी टाकायचं, दसऱ्याला रोप लावायचं. मधले ४० दिवस रोपाला बरोबर पुरतात. पोळ्याच्या सुमारास ऊन-पाऊस दोन्ही जोरात असतात, म्हणून ट्रे हिरव्या शेडनेटखाली ठेवते. दसऱ्याला रोपाला पाच-सहा पानं असतात. पहिल्या गड्ड्या संक्रांतीच्या आसपास हातात येतात. बी घेताना कमी दिवसांत येणारा वाण मागा. लांब मुदतीचा वाण हिमाचलात चालतो, आपल्याकडं त्याला थंडी पुरत नाही.

आता युरियाबद्दल. ही चूक मी स्वतः केली आहे आणि दर हिवाळ्यात कुणाच्या तरी परसात ती पुन्हा बघते. त्या वर्षी माझी १२ झाडं होती. डिसेंबरच्या मध्यावर प्रत्येक पानाच्या बगलेत वाटाण्याएवढी गड्डी बसलेली, आणि तीन आठवडे ती तेवढीच. रोज सकाळी जाऊन चाचपून बघायची, काही हालचाल नाही. कापूस लावणाऱ्या एका परिचितांनी सांगितलं, "मूठमूठ युरिया टाका, पंधरा दिवसांत फरक बघा." टाकला. फरक पडलाच. पानं काळपट हिरवी झाली, झाडं कमरेपर्यंत गेली, येणारा-जाणारा थांबून कौतुक करायला लागला. संक्रांतीला वाकून पानं बाजूला केली, तर गड्ड्या गुलाबासारख्या उमललेल्या, आणि प्रत्येक पाकळीच्या आत राखाडी माव्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, थर. धुऊनही निघेना. सात झाडं उपटून शेजारच्या शेळ्यांना घातली.

भिंतीकडच्या पाच झाडांपर्यंत तेव्हा युरिया पुरला नव्हता. ती ठेंगणी होती, पानं फिकी, कुणी त्यांच्याकडं बघितलंही नव्हतं. त्यांच्यावर मात्र सुपारीपेक्षा मोठ्या, लिंबापेक्षा लहान गड्ड्या होत्या, चिमटीत दाबल्या तर दबत नव्हत्या. बाजूला वाकवून पिळली की खट्ट आवाज करून सुटायची. युरियातलं नत्र जास्त झालं की झाड पानं वाढवतं आणि गड्डी सैल पडते, हे मी त्या पाच झाडांवरून शिकले. तेव्हापासून लावताना दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत, महिन्याने एक ओंजळ गांडूळखत, आणि डिसेंबर लागला की खत बंद. गड्डी तीन आठवडे वाटाण्याएवढी राहिली तर राहू द्या. थंडी पडली की ती भरते.

दुसरी मोठी चूक मातीतली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि दसऱ्याच्या आगेमागे परतीचा पाऊस असतो. सपाट वाफ्यात लावलेलं रोप तिथंच पिवळं पडतं. वीतभर उंच वरंबा करा, दोन झाडांत दीड-दोन फूट सोडा. भुसभुशीत मातीत रोप नुसतं खोचून सोडू नका, बुडाशी टाचेनं माती दाबा. मी लावून झाल्यावर एक पान धरून हलकं ओढते. पान फाटलं पाहिजे, रोप हललं नाही पाहिजे. महिन्याने बुंध्याला मातीची भर द्या, वरचं ओझं वाढलं की झाड वाऱ्यानं कलंडतं. कुंडीत लावणार असाल तर १५-२० लिटरची बादली हवी. छोट्या कुंडीत हे झाड लावणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, तीन महिने पाणी घालतात आणि हाती काही लागत नाही.

पानं ओरबाडू नका. गड्डीला तिच्या खालचं पान पोसतं. पिवळं पडलेलं तेवढंच काढा.

शेंडा दिवाळीत खुडू नका. खालच्या गड्ड्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की एकदाच खुडा, म्हणजे वरच्याही लवकर भरतात. खुडलेल्या शेंड्याची पत्ताकोबीसारखी भाजी होते.

बोअरचं पाणी खारं असेल तर विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला.

अळी दिसली की दुकानातलं सगळ्यात जहाल औषध आणू नका, ही गड्डी आपण पानांसकट खातो. हात लावताच वळवळून धाग्यानं खाली लोंबकळणारी बारीक हिरवी अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. हा पतंग मोहरीकडं ओढला जातो, म्हणून रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेनं मोहरी पेरते. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारते. पानं उलटून खालून फवारा, वरून ओली करून उपयोग नाही.

तोडणी खालून वर. सगळी झाडं एका दिवशी साफ करण्याचा मोह आवरा. खालच्या घट्ट झालेल्या तोडा, वरच्यांना आठवडा द्या. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की मात्र उरलेल्या सगळ्या काढा, आता त्या फक्त उमलणार.

एवढं करून शेवटची चूक स्वयंपाकघरात होते, आणि मला सगळ्यात जास्त राग हिचाच येतो. चार महिने सांभाळलेल्या गड्ड्या लोक कुकरला लावतात. आमच्याकडं पहिल्या वर्षी जाऊबाईंनी बटाट्याबरोबर तीन शिट्ट्या दिल्या होत्या. झाकण उघडलं आणि सडक्या अंड्याचा वास माजघरापर्यंत गेला. मुलांनी पुढची दोन वर्षं ही भाजी तोंडात घेतली नाही. यात गंधकाची द्रव्यं असतात, जास्त शिजवलं की त्यांचा वास सुटतो. कडवटपणाही त्याच कुळातल्या द्रव्यांचा. थंड मुलखात हिमानं त्या गोड होतात, आपल्याला हिम नाही, तेव्हा जी गोडी आणायची ती तव्यावर.

सासूबाईंची पद्धत मला सगळ्यांत आवडते. देठाकडचा चकतीएवढा भाग कापायचा, बाहेरची दोन पानं काढायची, गड्डी उभी अर्धी करायची. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, म्हणजे आत लपलेला मावा वर येतो. निथळून कोरडी करायची. लोखंडी तव्यावर करडईचं तेल तापवून कापलेली बाजू खाली ठेवायची आणि चार-पाच मिनिटं अजिबात हलवायचं नाही. कडा तांबूस झाल्या की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाण्याचा कूट, मीठ. दोन मिनिटं परतून गॅस बंद. मधला गाभा दाताखाली किंचित करकरीत लागला पाहिजे. सोबत ज्वारीची गरम भाकरी.

घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर रोज वाढण्याआधी डॉक्टरांना विचारा, यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. आणि जेवढी लागेल तेवढीच करा. उरलेली संध्याकाळी पुन्हा गरम केली की तो वास परत येतो.